सोळा, छत्तीस आणि व्याह्यांचा टॉवेल

आमच्या घरात दर रविवारी सकाळी चहानंतर एक वाटणी होते, आणि आजवर तिला कोणत्याही पक्षाने आव्हान दिलेले नाही. वर्तमानपत्राच्या पुरवणीचे शेवटचे पान मी टेबलावर सपाट करतो, लाकडी फूटपट्टी मधोमध दाबून धरतो आणि पान सरळ फाडतो. वरच्या हिश्श्यात शब्दकोडे असते, ते माझे. खालच्या हिश्श्यात अंककोडे असते, ते पत्नीचे. पूर्वी आम्ही एकाच पानावर वाकून बसत असू. तिचे कोपर माझ्या आडव्या शब्दांवर येई आणि माझा चहाचा कप तिच्या उभ्या संख्यांवर. अशा सामाईक वहिवाटीतून कोणते तंटे उद्भवतात हे मला इतर कोणी सांगायला नको होते. मी साताऱ्याच्या न्यायालयातून नाझर म्हणून निवृत्त झालो. न्यायाधीशांनी दिलेला हुकूम कागदावरच राहतो की प्रत्यक्ष बजावला जातो, हे पाहणे नाझराचे काम. ज्याने भावाभावांतल्या भिंती मोजून घेतल्या, त्याला पुरवणीचे एक पान अवघड नाही.

अंककोडे म्हणजे सुडोकू नव्हे. दोन्हींची गल्लत करणाऱ्या एका शेजाऱ्याला मी जिन्यात थांबवून हा फरक समजावून सांगितलेला आहे. अंककोड्यात शब्दकोड्यासारखीच आडवी-उभी घरे असतात, पण प्रत्येक घरात अक्षराऐवजी अंक बसतो. सूचना अशा असतात: ‘एक वर्गसंख्या’, ‘आडव्या पाचची दुप्पट’, ‘सर्व अंक विषम’. पत्नी मुलींच्या शाळेत गणित शिकवत असे. ती पेन्सिलने लिहिते आणि शेजारी रबर ठेवते. माझ्या दृष्टीने रबर म्हणजे पुरावा नष्ट करण्याचे साधन होय. मी शाईने लिहितो. चूक झाली, तर चुकीच्या अक्षरावर एक आडवी रेघ, वर दुरुस्ती आणि बाजूला माझी छोटी सही. कोणत्याही दस्तऐवजात खाडाखोड झाली की तीवर सही हवीच. एखाद्या रविवारी माझ्या कोड्यात अक्षरांपेक्षा सह्याच अधिक दिसतात, असे पत्नीचे म्हणणे आहे. ते म्हणणे मी नोंदवून घेतलेले आहे.

शब्दकोड्यातला आनंद मला समजावून सांगता येतो. पळून गेलेला साक्षीदार अचानक न्यायालयाच्या पायरीवर उभा दिसावा, तसा तो आनंद असतो. सकाळभर एक शब्द सापडत नाही. तो आपल्या ओळखीचा आहे, गावचा आहे, त्याचा चेहरा दिसतो पण नाव आठवत नाही. मग आपण कोडे सोडून भाजी आणायला जातो. ‘सुपारीला भिणारा नव्हे, सुपारी ज्याला भिते तो’ अशी एकदा खोडकर सूचना होती, चार अक्षरी. मंडईत मेथीची जुडी हातात घेतली आणि मी मोठ्याने म्हणालो, ‘‘अडकित्ता!’’

भाजीवाली म्हणाली, ‘‘न्हाई ठेवत आमी. निस्ती भाजीच हाय.’’

शेजारची कांदेवाली तिला म्हणाली, ‘‘आगं, आजोबांस्नी इचार, सुपारी तरी खात्यात का?’’

मी त्यांना खुलासा केला. पण चार अक्षरे जुळल्याच्या समाधानापुढे त्या हसण्याचे मला काही वाटले नाही.

मात्र शब्दकोड्यात आनंदाइतकाच अन्याय असतो, आणि अन्यायापुढे मी गप्प बसत नाही. सूचना होती ‘गाऱ्हाणे’, चार अक्षरी. पुढच्या रविवारी उत्तर छापले ‘कैफियत’! ज्याने न्यायालयाची पायरी कधी चढलेली नाही, तोच असे छापू शकतो. गाऱ्हाणे मांडतो तो वादी. त्याला प्रतिवादी जे लेखी उत्तर देतो, ती कैफियत. म्हणजे ज्याचे गाऱ्हाणे, त्याच्याच विरुद्ध पक्षाचा कागद उत्तर म्हणून छापला गेला. मला ते उत्तर आधीच सुचले होते. आडव्या शब्दांनी ते सिद्धही केले होते. तरीही मी ती घरे निषेधार्थ कोरी ठेवली आणि संपादकांना दोन पानी पत्र लिहिले. ते छापले गेले नाही. स्मरणपत्र लिहिले, तेही छापले गेले नाही.

दुसऱ्या एका रविवारी सूचना आली ‘मोटेचा दोर’, दोन अक्षरी. मी मूळचा वडूजकडचा. आमच्या कोरड्या मुलखात माझ्या लहानपणी विहिरीवर मोट चालताना मी पाहिलेली आहे. मोटेला दोन दोर असतात. जाड तो नाडा, त्यावर सगळा भार. बारीक ती सोल, तिने मोटेची सोंड ओढून पाणी थारोळ्यात, म्हणजे विहिरीच्या काठच्या हौदात, सोडायचे. दोन्ही शब्द दोन अक्षरांचेच. मग ‘मोटेचा दोर’ म्हणजे कोणता? शेजारच्या अक्षराने नाडा ठरला, हे खरे. पण सोलेचे काय? तिने का गप्प राहायचे? मी पत्र लिहिले. पत्र लिहिता लिहिता मला आमच्या विहिरीवरची बैलांची उतरती धाव, त्यांच्या मागे म्हटलेली गाणी आणि थारोळ्यात पाय सोडून बसलेली माझी बहीण, असे सगळे आठवत गेले, आणि संतापाचे पत्र विहिरीच्या वर्णनातच संपले. तेही छापले गेले नाही, पण ते लिहिताना मला फार बरे वाटले.

पत्नीला मी हेच सांगत असे. ‘‘तुझ्या अंककोड्यात हे मिळते का? सात हा अंक तुला कधी आजोळी घेऊन गेला आहे?’’

‘‘नाही गेला, म्हणूनच आवडतो,’’ ती म्हणाली. ‘‘आठवडाभर मी सगळ्यांना कुठे कुठे नेऊन पोचवते. औषध तुमच्याकडे, डबा शेजारच्या आजींकडे, निरोप मुलीकडे. रविवारी मला कुठेही जायचं नसतं.’’

‘‘पण त्यात वाद कुठे आहे?’’

‘‘वाद नाही, हेच तर सुख. दाराची कडी एकदा बसली की बसली. खट्ट. मग दार आपण पुन्हा ढकलून बघत नाही.’’

‘‘मी बघतो.’’

‘‘माहीत आहे,’’ ती म्हणाली, ‘‘रोज रात्री कडी लावल्याचा खट्ट दोनदा ऐकते मी.’’

या मतभेदात आमची बरीच वर्षे सुखाने गेली. अंकांच्या राज्यात अपील नसते, तेथे एकच न्याय आणि तो अंतिम, असे माझे मत होते. म्हणूनच ते राज्य मला कंटाळवाणे वाटे. तक्रारीला जागाच नसेल, तर माझ्यासारख्याने तेथे राहावे कशासाठी?

आमची मुलगी सांगलीला दिली आहे. व्याही हळदीचे अडते. शेतकऱ्याने आणलेली हळद सौद्यात खरेदीदाराला विकून देण्याचा त्यांचा पिढीजात व्यवसाय आहे. विहीणबाईंनी पेढीवरच्या बेरजा वर्षानुवर्षे तोंडी केल्या, आणि त्यामुळे आकड्यांशी त्यांची सलगी पत्नीइतकीच. आमच्याकडे येणारी पुरवणी सांगलीलाही जाते. लग्नानंतर काही दिवसांतच दोघी विहिणींना परस्परांचे हे व्यसन कळले. तेव्हापासून दर रविवारी दुपारपर्यंत दोघी मोबाइलवर एकमेकींना एकच शब्द पाठवतात : ‘झालं.’ उत्तरे सांगायची नाहीत, असा त्यांचा करार आहे. पुढच्या रविवारी उत्तर छापून आले, की पुन्हा एक ओळ : ‘सगळं जुळलं.’ दोन्ही बाजूंनी तीच ओळ, दर रविवारी. कराराचे इतके काटेकोर पालन मी न्यायालयातही क्वचित पाहिले.

मग तो रविवार आला. पत्नीने आदल्या आठवड्याचे उत्तर आपल्या अर्ध्या पानाशेजारी ठेवले आणि पेन्सिल खाली ठेवली. एका घरात तिने एक लिहिला होता. छापलेल्या उत्तरात तेथे तीन होता. ती खोटे लिहिणारी नाही. तिने कळवले : ‘एक घर सोडून जुळलं.’

थोड्या वेळाने विहीणबाईंचा आवाजी निरोप आला. ‘‘आसू द्या वो विहीणबाई! वय झालं की आकडं सरकत्यात. मी आमच्या जावेला सांगितलं, तर तिला खरंच वाटंना. म्हणली, गणिताच्या बाईंचं आन् चुकलं? म्हटलं, अगं, मास्तरणी झाली म्हणून काय, माणूसच हाय की!’’ आणि मागून जाऊबाईंचे हसू.

पत्नीने तो निरोप पूर्ण ऐकला, मोबाइल पालथा ठेवला आणि पोळ्या करायला गेली. त्या दिवशी एकही पोळी फुगली नाही. जेवताना ती म्हणाली, ‘‘माझं चुकलेलं नाही.’’

मी घास खाली ठेवला. माझ्यातला नाझर जागा झाला होता. ‘‘म्हणजे पेपरचे चुकले?’’

‘‘पेपरचंही चुकलेलं नाही.’’

‘‘असे कसे होईल? वादात दोन्ही पक्ष खरे असू शकत नाहीत.’’

‘‘तुमच्या कोर्टात नसतील,’’ असे म्हणून तिने ताटे बाजूला सारली आणि ते अर्धे पान माझ्यापुढे ठेवले.

आयुष्यात प्रथमच मी अंककोडे नीट वाचले. तंटा एका घरापुरता होता. त्या घरातून एक उभी संख्या खाली जात होती. सूचना होती ‘दोन अंकी वर्गसंख्या’. तिच्या खालच्या घरात सहा हा अंक दुसऱ्या एका उत्तराने पक्का झाला होता. शेवटी सहा असलेल्या दोन अंकी वर्गसंख्या दोनच, सोळा आणि छत्तीस. म्हणजे वादातल्या घरात एक तरी येणार किंवा तीन तरी. त्याच घरातून एक आडवी तीन अंकी संख्या जात होती. तिची सूचना होती ‘तिन्ही अंक विषम आणि वेगवेगळे’. तिचा पहिला अंक सात आणि शेवटचा पाच, हेही ठरलेले होते. मध्ये एक घातला, तर सातशे पंधरा. तीन घातला, तर सातशे पस्तीस. दोन्ही संख्यांचे तिन्ही अंक विषम, तिन्ही वेगवेगळे.

मी तिसऱ्यांदा ताडून पाहिले आणि खुर्चीतून उठलो. मोटेचे दोन दोर मला अंकांच्या राज्यात सापडले होते! येथेही प्रश्न घालणाऱ्याने दोन वारस असलेली मिळकत बिनदिक्कत एकाच्या नावे करून टाकली होती.

‘‘तुला आधी का नाही दिसले?’’

‘‘सोळा आधी येतात, ते बसले. मी दार लावून टाकलं,’’ ती म्हणाली. ‘‘एका कोड्याला एकच उत्तर असतं, यावर विश्वास होता माझा.’’

तिच्या या वाक्याने माझा संताप अधिकच वाढला. मी पेन उघडले. पण तिने माझ्या हातावर हात ठेवला.

‘‘पेपरला पत्र नको. पेपर मला कुठे काय बोलला? मला चुकीचं कोण म्हणालं?’’

‘‘विहीणबाई.’’

‘‘मग त्यांना कळायला हवं. त्यांच्या तोंडून ऐकायला हवं मला, की माझं बरोबर होतं. बाकी काही नको.’’

‘‘तर आत्ताच फोन करून सांग.’’

‘‘काय सांगू? तुम्ही मला हसलात ते चुकलात, असं? आपण मुलीकडचे.’’

‘मुलीकडचे’ हा कायदा कोणत्या विधिमंडळाने केला, कोणत्या राजपत्रात तो प्रसिद्ध झाला, हे मला आजतागायत कोणी दाखवलेले नाही. तरीही त्याची अंमलबजावणी देशातल्या कोणत्याही अधिनियमापेक्षा कडक आहे. मुलीकडच्यांनी मुलाकडच्यांची चूक दाखवायची नाही. आमटी खारट असली, तरी दुसऱ्यांदा मागायची. मी या विषयावर पत्नीपुढे बराच वेळ बोललो. तिने सर्व ऐकून घेतले आणि ते अर्धे पान घडी करून पर्समध्ये ठेवले. त्यातला पेन्सिलीचा एक तिने खोडला नव्हता.

त्याच आठवड्यात सांगलीला मुलीचे डोहाळजेवण होते. आदल्या दिवशी तिचा फोन आला. ‘‘बाबा, आई काही बोलली नाही, पण मला कळलंय. इथे काही काढू नका हं. आणि खिशात पत्रही आणू नका.’’

मी तिला शब्द दिला नाही. संपादकांना उद्देशून लिहिलेले पत्र माझ्या खिशात होतेच. ते पाठवायचे नाही, एवढेच पत्नीने सांगितले होते. ते जवळ बाळगायला तिने मनाई केलेली नव्हती.

आम्ही गाडीने निघालो. इस्लामपूरच्या पुढे उसाच्या ट्रॉल्यांमागे गाडी अडकली, तेव्हा ती खिडकीबाहेर पाहत म्हणाली, ‘‘मी काही बोलणार नाही. तुम्हीही बोलू नका. पण त्यांनी विषय काढला, तर मला खाली बघत बसता येईल असं वाटत नाही.’’

सांगलीच्या घरी हॉलमध्ये झोपाळा फुलांनी सजवला होता. फुलांचे दागिने घातलेली आमची मुलगी त्यावर बसली होती आणि बायका गाणी म्हणत होत्या. तिच्यापुढे झाकलेल्या दोन वाट्या आल्या. एकीत पेढा आणि एकीत बर्फी. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी, असा हा प्रकार. गर्भलिंगनिदानाला कायद्याने बंदी असलेल्या देशात हे उघडपणे कसे चालते, असा प्रश्न माझ्या ओठांवर आला होता. पण मुलीने एक वाटी उघडली, बर्फी खाल्ली, दुसरी उघडली आणि पेढाही खाल्ला. ‘‘सकाळपासून काही खाल्लेलं नाही मी,’’ ती म्हणाली. हॉल हसू लागला आणि माझा प्रश्न राहून गेला.

जेवणे झाली. पाहुणे हॉलमधल्याच बैठकीवर सैलावले. विहीणबाई पत्नीला हाताला धरून मध्ये घेऊन आल्या. त्यांच्या मनात काही वाईट नव्हते. आपल्या विहिणीचे कौतुक चारचौघांत करावे, एवढाच त्यांचा हेतू होता. पण त्यांच्या कौतुकाला मिरची लागते.

‘‘ह्या आमच्या विहीणबाई. शाळंत गणिताच्या बाई होत्या. दर ऐतवारी आमची शर्यत आसती. ह्या टायमाला मात्र हरल्या बरं का! सांगा की वो विहीणबाई, कुठं घसरला?’’

जाऊबाई हसल्या. पत्नी खाली पाहत नव्हती. तिचा हात पर्सच्या बंदावर होता आणि कानशिले लाल झाली होती. मी उभा राहिलो.

‘‘हरकत!’’ मी म्हणालो.

झोपाळ्यावरून मुलीचा आवाज आला, ‘‘बाबा, मठ्ठा घ्या ना.’’

‘‘मठ्ठा मी घेतलेला आहे. विधान दुरुस्त केले जावे, असे माझे...’’

‘‘थांबा, थांबा, नाझरसाहेब,’’ व्याही म्हणाले. लोडाला टेकून अर्धवट डुलकी घेणारा तो माणूस हळूच उठून पुढे आला. खांद्यावरचा पांढरा टॉवेल त्यांनी झटकला. तो वर्षानुवर्षे धुतलेला होता, तरी त्याच्या कडांवर हळदीचा पिवळेपणा राहिला होता. ‘‘आवं, आमच्या बाजारात भांडाण तोंडानं करत न्हाईत. तुमी बसा बगू. विहीणबाई, तुमी हकडं या. आन् तू बी हकडं सरक, हात पुढं कर.’’

त्यांनी दोघींना समोरासमोर बसवले, त्यांचे उजवे हात एकमेकींत दिले आणि वर टॉवेल टाकला.

सांगलीच्या जुन्या हळद सौद्यांची ही रीत मी ऐकून होतो. आता बोली उघड होते. पूर्वी अडत्या आणि खरेदीदार रुमालाखाली हात धरून बोटांनी भाव सांगत. जितकी बोटे दाबली, तितका आकडा. मान्य असेल, तर सबंध मूठ दाबायची. भोवती माणसे उभी असत, पण कोणी काय मागितले आणि कोण किती खाली आला, हे दोघांखेरीज कोणालाच कळत नसे.

‘‘चार लोकांत कुणाचा भाव पडला, ते दिसाय नको. म्हणून ही सोय,’’ व्याही मला म्हणाले. ‘‘उद्या पुन्ना त्याच माणसाबरूबर सौदा करायचा आसतोय न्हवं?’’

‘‘याची नोंद कुठे होते?’’ मी विचारले.

‘‘कुठंच न्हाई.’’

‘‘साक्षीदार?’’

‘‘टावेल.’’

न्यायदानाच्या ज्या पद्धतीत ना नोंद, ना साक्ष, ना प्रत, तिच्याबद्दल माझे मत काय असणार, हे सांगायला नको. पण पत्नीने माझ्याकडे एकदा पाहिले, आणि मी बसलो.

‘‘हां विहीणबाई,’’ व्याही म्हणाले, ‘‘तुमचा आकडा सांगा.’’

टॉवेल किंचित हलला. आपण काय लिहिले होते, हे पत्नीने करारानुसार विहीणबाईंना कधीच सांगितले नव्हते. एक घर चुकले, एवढेच त्यांना ठाऊक होते. आता एक बोट दाबले गेले असणार, कारण विहीणबाईंच्या चेहऱ्यावरचे हसू जागीच थांबले.

‘‘एकच?’’ त्या म्हणाल्या.

पत्नीने मान हलवली.

विहीणबाईंनी डोळे मिटले. पेढीवर तोंडी बेरजा करताना त्या असेच डोळे मिटत असणार. ओठ हलत होते; एक कोणत्या घरात बसतो, ते त्या मनातल्या कोड्यात शोधत होत्या. ‘‘चार चोक सोळा... सात, एक, पाच...’’ जाऊबाई काही विचारू लागल्या, तर त्यांनी डोळे न उघडता मोकळ्या हाताने त्यांना गप्प केले. मग डोळे उघडले आणि त्या पत्नीकडे पाहतच राहिल्या.

‘‘अगं बाई!’’

टॉवेल जोरात हलला. पत्नीच्या बांगड्या वाजल्या. सबंध मूठ दाबली गेली होती. हे मला दिसले नाही, पण पत्नीचे खांदे खाली आले ते दिसले. सौद्याची रीत अशी, की येथेच सगळे संपावे, टॉवेल उचलावा आणि कोणी काही बोलू नये. व्याह्यांनी टॉवेलाला हात घातलाही. पण विहीणबाई ऐकेनात. त्यांनी टॉवेल स्वतःच ओढून काढला आणि पत्नीचा हात हातातच ठेवून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, ‘‘मी उगंच बोलले. विहीणबाईंचं बरूबर हाय.’’

‘‘तुमचंही बरोबर आहे,’’ पत्नी लगेच म्हणाली.

‘‘ते हाय की! पर तुमचं बरूबर आसून तुमी गप बसला, आन् मी सगळ्या गावाला सांगत सुटले.’’ मग त्यांच्या भुवया चढल्या. ‘‘आन् काय वो, दोन्ही बरूबर, तर त्या पेपरवाल्यानं एकच कसं छापलं? त्याला कुणी इचारणार हाय का न्हाई?’’

खोलीतल्या सर्व माना हळूहळू माझ्याकडे वळल्या. आमच्या मुलीने कपाळावर हात मारला, पण ती हसत होती. मी खिशातून पत्र काढले.

आयुष्यात माझी पत्रे पुष्कळांना गेली. पाणीपुरवठ्याला गेली, एस.टी.च्या आगाराला गेली, डाकघरालाही गेली. पण खोलीभर माणसांनी ‘वाचा, वाचा’ म्हणून मागणी केलेले पत्र ते एकच. मी ते उभे राहून वाचले. ‘दोन वारसांची मिळकत’ या वाक्याला व्याह्यांनी ‘‘व्वा!’’ अशी दाद दिली, आणि मी ते वाक्य पुन्हा वाचले. पत्राखाली दोघींच्या सह्या असाव्यात, असे ठरले. मग पहिली सही कोणाची, यावर अडले. पत्नी म्हणाली, मुलाकडचा मान पहिला. विहीणबाई म्हणाल्या, ज्याच्यावर अन्याय झाला तो पहिला. दोघीही मागे हटेनात.

‘‘टाकू का पुन्ना टावेल?’’ व्याह्यांनी विचारले.

मी दोन्ही सह्या एकाच ओळीत, डावीकडून एक आणि उजवीकडून एक, अशी तोड काढली. निवृत्तीनंतर माझा एवढा सर्वमान्य निर्णय दुसरा नसेल.

पत्र रजिस्टर्ड पोस्टाने गेले. काही रविवारांनी उत्तराखाली बारीक अक्षरांत एक ओळ आली : ‘मागील एका अंककोड्यात दोन्ही उत्तरे ग्राह्य.’ दिलगिरीचा शब्द नाही. त्याबद्दल मी अर्थातच वेगळे पत्र लिहिलेले आहे.

त्यानंतर मी आमची वाटणी कायम ठेवली, पण दुपारी पत्नीचे काम झाले, की तिच्याकडून खालचा हिस्साही मागून घेतो. अंककोडे सोडवण्यासाठी नव्हे, त्यात आणखी एखादे दुसरे उत्तर दडले आहे का, ते तपासण्यासाठी. शब्दकोड्यात भांडण आपोआप येते, म्हणून त्याचा आनंद सैल असतो. अंककोड्यात भांडण खणून काढावे लागते, आणि ते मिळेल तेव्हा त्याचा आनंद निव्वळ आणि निर्भेळ असणार, या निष्कर्षाला मी आलो आहे. अद्याप एकही सापडलेले नाही.

‘‘सापडणार नाही,’’ पत्नी म्हणते. ‘‘पण शोधत बसा. घर शांत राहतं.’’

सांगलीहून परतलो त्या संध्याकाळची एक गोष्ट राहिली. तिने पर्समधून ते अर्धे पान काढले, टेबलावर घडी सपाट केली आणि माझ्यापुढे हात पसरला. मला वाटले, रबर हवे असेल. ती म्हणाली, ‘‘पेन द्या.’’ तिच्या हातात मी शाईचे पेन कधी पाहिले नव्हते. तिने पेन्सिलीच्या त्या एकावरून सावकाश शाई फिरवली, फुंकर घातली आणि पेन टोपण लावून परत दिले. मी सवयीने वाकून पाहिले. खाडाखोड कोठेच नव्हती, त्यामुळे सहीची आवश्यकता पडली नाही.